सत्तेचाळीस नंबरचा घेवडा

कोणत्याही वाणावर जीव लावू नये, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावते. स्वतः मात्र सत्तेचाळीस नंबरच्या घेवड्यावर आठ वर्षं जीव लावून बसले होते.

मी बियाण्यांच्या कंपनीत घेवड्याचे नवे वाण तयार करते. शेतं भारतात, ऑफिस सिंगापूरमध्ये. सत्तेचाळीसला शेंगा लगडायच्या, दाणा टपोरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा. घोडं अडलं होतं ते करप्यापाशी. हा रोग शेंगेतून आत शिरतो आणि दाण्यावर काळपट डाग पाडतो. शंभरात पाचापेक्षा जास्त दाणे डागी निघाले की वाण बाद. यंदा शेतकऱ्यांकडे एकच वाण जाणार होता, माझा सत्तेचाळीस किंवा मुकुलचा एकतीस. मुकुल माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याच्या वाणाचं उत्पन्न थोडं कमी, पण डागी दाणे शंभरात चारच.

नमुना घरी न्यायचा नाही, हा ऑफिसचा नियम मीच लिहिलेला. तरी शुक्रवारी सत्तेचाळीसचं अर्ध्या किलोचं पाकीट बॅगेत टाकून मी पुंगोलला, आमच्या घरी आले. दुसऱ्या कुणी तो घाईघाईत मोजावा, हे मला सहन होणार नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे, काय करणार.

शनिवारी सकाळी पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवून मी मासळी आणायला मार्केटला गेले. घरी माझी मुलगी आर्या आणि सासरे होते. दुपारी निवांत मोजायला बसले. डोळे मिटून मूठ भरायची, शंभर दाणे मोजायचे, असं चार वेळा. चारशेत डागी निघाले तीन. पाकिटाला रबरबँड कुणी लावला, एवढंही माझ्या मनात आलं नाही. मी लगेच ऑफिसच्या ग्रुपवर आकडा टाकला. पाच मिनिटांत मुकुलचं उत्तर आलं, "अभिनंदन, ताई. मग मी एकतीस मागे घेतो." मला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

रविवारी सकाळी पोहे खाताना मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हटलं, "बाबा, सत्तेचाळीस एकदम स्वच्छ निघाला."

बाबा नुसते हसले. आर्या मोबाइलमधून मान वर न काढता तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "ऑफ कोर्स क्लीन, लाह. आजोबांनी सगळे ब्लॅकवाले काढले ना."

बाबा उठले आणि स्वयंपाकघरातून कॉफीची छोटी जुनी बरणी घेऊन आले. तिच्या तळाशी डागी दाणे होते, चांगले दोन बोटं. सासूबाई गेल्यापासून घरातलं सगळं धान्य बाबाच निवडतात. पेपर पसरून, चष्मा लावून, एकेक दाणा.

"तू इतकी वर्षं सत्तेचाळीस, सत्तेचाळीस करतेस," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्या पोरीचा माल साहेबांपुढे जायचाय, निवडून ठेवावा. टाकले नाहीत हं, अन्न आहे."

माझा पारा चढला. "बाबा, विचारायचं तरी."

"चुकलं का गं माझं?"

त्यांचा चेहरा बघून माझा राग ओसरला. नमुना घरी आणला होता कुणी? मी बरणी हातात घेतली. एवढीशी बरणी. ती कचऱ्यात गेली असती तर कुणाला कळणार होतं? सत्तेचाळीस शेतात गेला असता, आणि पहिल्याच दमट हंगामात कुणाच्या तरी शेंगा काळ्या पडल्या असत्या. आणि मग मला माझंच आठवायला लागलं. एका वर्षी शेताचा एक कोपरा पाणथळ होता, म्हणून मी तिथली डागी झाडं मोजणीतून सोडून दिली होती. दुसऱ्या वर्षी पाऊस फार झाला, म्हणून ते वर्षच हिशेबात धरलं नव्हतं. बाबांनी एका सकाळी जे केलं, ते मी आठ वर्षं करत आले होते, आणि मला तर शिकलेली म्हणतात.

"टाकून देऊ का?" बाबांनी हळूच विचारलं.

"नको. परात आणा."

पाकीट आणि बरणी दोन्ही परातीत ओतली, दाणे नीट कालवले. या वेळी मी मुठी भरल्या आणि बाबांनी मोजले. चारशेत त्रेचाळीस डागी. बाबांनी ते पुन्हा मोजले, मग आणखी एकदा. आकडा कमी होईना.

मी ग्रुपवर लिहिलं, "कालचा आकडा चुकीचा होता. मी नमुना घरी आणला आणि मोजण्याआधी तो निवडला गेला. खरे डागी शंभरात अकरा. सत्तेचाळीस मागे घेते आहे, एकतीस पाठवावा." मुकुलचा लगेच फोन आला.

"ताई, ऑफिसमध्ये दुसरं पाकीट आहे. उद्या मोजून बघूया?"

"मोज," मी म्हटलं. "पण तू मोज. मी त्या खोलीतसुद्धा येणार नाही."

सोमवारी त्याने मोजले. शंभरात बारा निघाले.

संध्याकाळी घरी आले तर परात अजून टेबलावरच होती. बाबांनी विचारलं, "याला औषधबिषध लावलेलं नाही ना?"

"नाही."

"मग आता निवडू का?"

"निवडा."

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला त्यांनी गोडा मसाला घालून उसळ केली. दाणा अख्खा राहिला होता, पण जिभेवर ठेवताच विरघळत होता. आर्यानेसुद्धा न कुरकुरता दोनदा घेतली.

"एकतीसची अशी होते का गं?" बाबांनी विचारलं.

एकतीसची उसळ मी ऑफिसच्या चाचण्यांमध्ये कितीतरी वेळा खाल्ली होती. "नाही," मी म्हटलं, आणि इतके दिवस न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

बाबांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.