वाघामायची गोळी

नवरा खुशालराव तापानं गेले, तरी त्यांच्या रायफलीच्या नळीला दुर्गाबाईंनी कधी गंज चढू दिला नाही. बार काढला की नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग गजाला चिंधी गुंडाळून आतबाहेर करायची, दळणाच्या लयीत, ओवी गुणगुणत. चिंधी पांढरी निघाली की वरून तेलाचा हात. तो हात दुर्गाबाईंचा जरा सैलच. खुशालराव चिडवायचे, "दुर्गे, नळी साफ केली का लोणचं घातलं?"

तेलकट नळीतली पहिली गोळी भरकटते. म्हणून शिकारीला निघण्याआधी खुशालराव ते तेल पुसून काढत आणि एक गोळी घरामागच्या वाळल्या अंजनाच्या खोडात मारत. ती वाघामायची, रानातल्या देवीची. पुढच्या गोळ्या मग नेमानं एकाच वाटेनं जात.

त्या दुपारी दीर पंजाबराव धापा टाकत आले. "वयनी, बंदूक द्या! बिबट ज्वारीत शिरला. माळ्याखालीच बसून राह्यला."

माळ्यावर पाखरं हाकायला शकुन गेली होती. दुर्गाबाईंची एकुलती लेक.

"थांबा भाऊजी, नळीत तेल हाय. पुसतो, वाघामायची गोळी मारतो, मंग न्या."

"तवरोक तो पोरीले सोडते काय? अन् तुमाले नवस सुचून राह्यला!" बंदूक हिसकून ते पळालेच.

दुर्गाबाई उंबऱ्यात खिळल्या. गोळी चुकली, बिबट जखमी होऊन उसळला, तर माळ्याचे बांबू त्याला किती अडवणार? कोरडी चिंधी त्यांच्या मुठीत तशीच राहिली.

तेवढ्यात घरामागं बार झाला. अगदी जवळ. कावळा उडाला नाही, गोठ्यातली गाय रवंथ करीत राहिली. जळल्या दारूचा वास मात्र अंगणभर पसरला. बंदूक तर एव्हाना पांदण ओलांडून गेली होती.

मग बऱ्याच वेळानं शेताकडून बार आला, आणि गावावरचे सारे कावळे ओरडत उठले.

शकुन काकाचा हात धरून आली. ओठ कोरडे, पण धड.

"पयल्याच गोळीत गार! दोन डोयांच्या मधात," पंजाबराव म्हणाले.

"दोन बार झाले ना, भाऊजी?"

"एकच मारला. भेवानं कान वाजले तुमचे."

"मीनं बी एकच आयकला, माय," शकुन म्हणाली.

दुर्गाबाईंनी मुठीतली चिंधी नळीतून ओढली. काजळी आली. तेलाचा ठिपका नाही.

त्या घरामागं गेल्या. अंजनाच्या खोडावर जुन्या, करड्या भोकांच्या शेजारी एक ताजं भोक होतं. त्यात बोट घातलं. आत ऊनऊन लागलं. बोट बाहेर काढलं तर टोक चकाकत होतं, तेलानं.

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"हो," त्या खोडाकडं न बघता पुटपुटल्या, "लोणचंच घातलं होतं मीनं."