साफ केलेले गाल

फोटोवाल्याच्या हाताला एक खोड होती. समोर चेहरा आला की तो साफ करायचा. ओळखपत्राचा फोटो असो नाहीतर लग्नाचा, मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळं गायब. लोक खूश होऊन घरी जायचे आणि आरशाला नावं ठेवायचे. बायकोच्या फोटोंवर तर तो विशेष जीव ओतायचा. धाकटीच्या वेळी दिवस राहिले तेव्हापासून तिच्या दोन्ही गालांवर वांग आले होते आणि ते तिच्या मनाला फार लागायचे. घरच्या एकाही फोटोत त्याने ते राहू दिले नव्हते. केलं ते प्रेमापोटीच केलं, त्यात खोट नव्हती.

तिने तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं? नणंदेने सांगितलं म्हणून लिंबू चोळलं. शेजारणीने दिलेली ट्यूब वर्षभर फासली, तर गाल आधी उजळले आणि मग होते त्यापेक्षा काळे झाले. शेवटी तिने पावडरीशी तह केला आणि दुकानाच्या काचेशी बसून गिऱ्हाइकांची पाकिटं भरत राहिली. यंदा मात्र डाव्या कानाशेजारच्या डागातून तोंड पुसताना रक्त आलं. तसा फोटोवाला तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाई सडेतोड होत्या. "हे गालावरचे वांग आहेत. बाळंतपणाने आले, उन्हाने वाढले आणि वरून तुम्ही चोळून चोळून वाट लावलीत. बसता कुठे दिवसभर?"

"दुकानात. काचेशी."

"डावीकडून ऊन येतं ना? तो गाल जास्त काळा आहे. उन्हाचं मलम रोज लावायचं, आभाळ भरलेलं असलं तरी. मी लिहून देईन तेवढंच लावा, घासू काही नका. महिने लागतील, धीर धरा."

बायकोच्या जिवात जीव आला. मग बाईंचं भिंग कानाशेजारी सरकलं आणि तिथेच थांबलं. 

"हा वांग नाही. कड वेडीवाकडी आहे, रंगही एकसारखा नाही. उद्याच तुकडा काढून तपासायला पाठवू. कधीपासून आहे?"

"वांगातलाच समजले मी. केसांखाली असतो, आरशात धड दिसत पण नाही."

"जुने फोटो आहेत? किती झपाट्याने वाढला ते कळलं तर बरं."

बायको हसली. "बाई, आमचं दुकानच फोटोचं आहे."

घरी न जाता दोघं थेट दुकानात आले. त्याने कॉम्प्युटर लावला, ती शेजारी स्टूल ओढून बसली. भाचीचं लग्न, थोरलीचा पदवीचा दिवस, गेल्या वर्षीची सहल. सगळीकडे गाल स्वच्छ, कानाशेजारी काही नाही.

"न पुसलेले कुठे आहेत?"

"ते नाही ठेवत. जागा अडते. साफ केलेला त्याच्याच जागी जातो."

"एकही नाही?"

तो फोटो पुढे सरकवत राहिला. भाचीच्या लग्नाशी परत आला आणि त्याचा हात थांबला. त्याला आठवलं. उत्तर सापडल्याच्या आनंदात तो बोलूनही गेला.

"अगं, सांगता येईल बाईंना. इथे तिळाएवढा होता, माउसच्या एका टिचकीत गेला. सहा वर्षं झाली त्याला. पदवीच्या वेळी तीन-चार टिचक्या लागल्या. आणि सहलीच्या फोटोत तर दुसऱ्या गालाचं कातडं आणून डकवावं लागलं, अर्धा तास मोडला माझा."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे वाढताना दिसत होता तुम्हाला."

त्याने सहलीचा फोटो घाईघाईने बंद केला. 

"मला वाटायचं, तुमचं माझ्या तोंडाकडे लक्षच नसतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोसलं असतं.

ती उठली, मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. पांढऱ्या पडद्यापुढे बसून तिने केस मागे धरले आणि डावा गाल त्याच्याकडे केला.

"काढा. आजचा तरी द्या बाईंना."

त्याने फोटो काढला. कॉम्प्युटरवर तो डाग उमटला, नखाएवढा, एका कडेला निळसर. सवयीने त्याचा हात माउसकडे गेला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

त्याने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो डाग नीट पाहिला.