चहाला ये, पाना आण

"सहज ये रे चहाला," आत्यानं भाच्याला फोनवर सांगितलं, "आणि येताना मोठा पाना आण."

आता सहज चहाला कोणी पाना आणायला सांगतं का? पण आत्या तरी काय करणार! मागे तिचा नळ गळायला लागला, तेव्हा भाच्यानं निक्षून सांगितलं होतं, "यापुढे घरात एक जरी बिघाड झाला, तर बोचकं बांधायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. एकटीनं राहणं पुरे झालं." बोलला होता प्रेमानंच, पण आत्यानं धसकाच घेतला. दोन-दोन नोकऱ्या करून तिनं हे घर घेतलेलं. ते सोडायचं? छे! तेव्हापासून तिचं घर एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं होतं. काही म्हणून बिघडत नव्हतं.

आणि आता गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हनं मान टाकली. आत्यानं गुपचूप नवा आणला, बटण बंद केलं, पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली. पण जुना व्हॉल्व्ह काही तिच्या मनगटांना दाद देईना. प्लंबर फोन उचलेना. शेवटी नाक मुठीत धरून तिनं भाच्याला बोलावलं.

भाचा पान्यांची अख्खी पेटीच घेऊन आला. बाथरूममधलं स्टूल बघून म्हणाला, "अच्छा, हा चहा होय? काय बिघडलं?"

"बिघडलं कुठे? बदलायचंय. आपण पडदे नाही का बदलत? चढ वर."

त्यानं जोर लावून व्हॉल्व्ह सोडवला आणि उरलंसुरलं पाणी थेट त्याच्या बाहीत शिरलं.

"टाकी रिकामी केली म्हणालीस ना!"

"केली की. तुझ्यासाठी थोडं ठेवलं."

मग त्यानं गीझरच्या नळीच्या आट्यांवर टेप गुंडाळायला घेतली, तीही उलटी. "साहेब, दुसऱ्या बाजूनं," आत्या म्हणाली. "नाहीतर आवळताना सगळी सुटून येईल."

"मग तूच कर!"

"तुझी मनगटं दे, करते."

कुरकुरत का होईना, त्यानं नवा व्हॉल्व्ह चांगला बसवला. कॉक सोडला, हवा निघायला गरम पाण्याचा नळ उघडून टाकी भरली, मग बटण लावलं. दोघांचा चहा होतो न होतो, तोच बाथरूममधून आवाज आला. टप्. भाचा धावला. व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब पडत होता.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "गळतोय गं! म्हणजे बिघाड तो बिघाडच. आत्या, बांध बोचकं."

आत्या मागोमाग धावत आली. "अरे बावळटा, तो गळायलाच हवा! पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं इथून बाहेर पडतं. जुन्याचं गळणं थांबलं म्हणून तर तुला बोलावलं. तसंच तापवत राहिले असते, तर टाकी फुटली असती."

"कधी थांबलं?"

"झाला असेल महिना."

"आणि महिनाभर अंघोळ?"

"थंड पाण्यानं. तब्येतीला चांगलं असतं म्हणे," आत्या म्हणाली आणि नेमकी शिंकली.

भाचा स्टुलावरच बसला. "माझ्या त्या बोलण्याच्या धाकानं?"

"मग काय तर! तुमचं घर छान आहे रे, पण ते तुमचं आहे. मला इथून नाही जायचं."

तो ओली बाही पिळायला लागला. त्याचा चेहरा बघून आत्यालाच कसंतरी झालं.

"राहू दे ते बोचकं," तो म्हणाला. "पण काही बिघडलं की मला सांगायचं. रोज फोन करून कुरकुर केलीस तरी चालेल. तू गप्प बसलीस की आता मला भीती वाटेल."

"नक्की? परत बोचक्याचं नाव काढणार नाहीस?"

"नाही काढणार."

त्यानं पाना पेटीत ठेवायला घेतला, तसा आत्यानं त्याचा हात धरला.

"मग एवढ्यात आवरू नकोस. स्वयंपाकघरातली खिडकी लागत नाही, दारावरची बेल मुकी झालीय, आणि बेसिनखाली बादली ठेवलीय ना, ती आधी बघ. भरत आली असेल."