मांडवाशिवाय धवला

"लगीन न्हाय, मांडव न्हाय, नं धवला गा म्हनतंस? अपशकुन करतंस काय गो?" हौसाआत्याने तांदूळ निवडताना सुपावरून मानही वर केली नाही.

मृणालीने रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि लगेच पुन्हा बाहेर काढला. सोमवारी प्रबंध जमा झाला नाही, तर सहा वर्षं पाण्यात जाणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. विषय होता धवला गाऊन आगरी लग्नातले विधी लावणाऱ्या धवलारणी, आणि एक तरी धवला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरवलेला हवा, नाहीतर सही करणार नाही, असं गाइडबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

मृणालीपाशी अकरा लग्नांची रेकॉर्डिंगं होती आणि अकराही फुकट गेली होती. कुठे डीजे, कुठे "मावशी, जरा सरका" म्हणणारा फोटोग्राफर, आणि कशेळीतल्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरचे हॉर्न तर सगळीकडेच. तासन् तास गाणाऱ्या आत्याला आता जेमतेम दहा मिनिटं मिळायची, तीही कॅमेऱ्यासाठी.

पैशाची तऱ्हा तर और होती. घरात पैसा नव्हता असं मुळीच नाही. खाडीकडच्या शेतात तीन गोदामं उभी होती, महिन्याच्या महिन्याला भाडं येत होतं. पण भाऊ धनेश स्वच्छ सांगायचा, "तुझ्या लग्नाला दोन डीजे लावतो. पन या पुस्तकाला एक रुपया न्हाय." फेलोशिप संपल्यावर फी भरली ती आत्याने. आधी लग्नांत मिळालेल्या दक्षिणेतून, आणि शेवटी मृणालीच्या लग्नासाठी करून ठेवलेली सोन्याची माळ मोडून.

ती ओटीवर येरझाऱ्या घालू लागली. "आत्या, पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवायचं झालं तर आता काय मोडशील? उरलंय काय?"

आत्याने सूप खाली ठेवलं.

"कवा द्याचा हाय?"

"परवा."

आत्या उठली. हातपाय धुऊन आली, दारामागचा पाट मांडला, समोर तांदळाची रास घातली. मग ट्रंकेतून मुंडावळ्या काढल्या. त्यांच्या खाली माळेची रिकामी डबी होती.

"बस."

"कुणाचं लग्न आहे?"

"तुझा. पुरा धवला तुझ्यासाठी राखून ठेवला व्हता. लोकांना दिला तो थोडा थोडा." तिने मृणालीला मुंडावळ्या बांधल्या. "आता माझा दम पुरत न्हाय, पोरी. किती वाट बघू?"

चौतीस वर्षांची मृणाली पाटावर बसली. लग्न झालं नाही म्हणून तिला आजवर कधी रडू आलं नव्हतं. आज मात्र आलं. तिने रेकॉर्डर तांदळांजवळ ठेवला आणि बटण दाबलं.

तेवढ्यात धनेश दारात आला. "ह्या काय चाललंय?"

आत्याने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. तो बहिणीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांकडे बघत उभा राहिला. बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला, तसा तो वळला आणि रस्त्याकडे धावला.

"भाई, हॉर्न मत बजाना! अंदर लगीन..." तो अडखळला. "अंदर काम चालू है."

आत्या गात होती. आवाज फाटत होता, पण एकही ओळ सुटत नव्हती. गणपती झाला, गावदेवी झाली, खाडी झाली. आजोबांचं नाव आलं, बापाचं आलं, नवरी म्हणून मृणालीचं आलं. मग नवऱ्याच्या नावाची जागा आली. तिथे आत्या थांबली, तिने श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली.

रविवारी मृणाली कानाला हेडफोन लावून धवला कागदावर उतरवत होती. नवऱ्याच्या नावाच्या जागी कंसात 'वराचे नाव' असं लिहायची पद्धत होती. तिने तेवढी जागा कोरी सोडली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.