डिंगोऱ्याच्या शिंगाचा सांधा

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात डिंगोऱ्याच्या भैरोबाच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गाभाऱ्यातलं जुनं पितळी शिंग आभाळातून पडलेलं आहे, असा शोध एका बुवाने लावला होता.

"हात फिरवा, पावणं. ना कारागिराचं नाव, ना कुठं सांधा. माणसानं केलं आसंल तर जोड नको का दिसाय?"

लोक बोटं फिरवत. शेंदराच्या गुळगुळीत थराखाली जोड लागत नसे. मग बुवा शिंगावरून पाणी सोडी आणि लोक ते तीर्थ बाटलीत भरून नेत.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या कोंडाबाईने महिन्यापूर्वीच मला घरचा हंडा दाखवला होता. "सावळेराम, माजा सासरा. जुन्नरला तांबटाच्या दुकानात राबायचा. हंडा त्याचा, शिंगबी त्याचंच. नाव घालायची मुभा नव्हती त्याला. मी मरायच्या आत देवळाच्या पाटीवर त्याचं नाव लागावं, एवढंच."

हंड्याच्या सांध्यावर पत्र्याचे दाते एकमेकांत बसवून वर वितळलेल्या धातूचा डाग दिलेला होता. तीन दाते रुंद, चौथा अरुंद, असे शेवटपर्यंत. ते पाहूनही मी महिनाभर गप्प बसलो. वाचनालयात जन्म गेलेला माणूस मी; गाव मला गुरुजी म्हणतं. चार लोकांसमोर माझा आवाज फुटत नाही. शिवाय वाटे, आपलंच चुकत असेल तर?

एका रविवारी कोंडाबाई हंडा कडेवर घेऊन पायरीखाली येऊन उभी राहिली; तिच्या वस्तीतलं कुणी पायरी चढत नसे. मग मला बसवेना. मी शिंग हातात मागितलं. पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याला बुवाने ते हसत दिलं. मी ते समईवर धरलं.

शेंदूर घामेजला. त्याखालचं मेण तांबडं होऊन ठिबकू लागलं. मी उपरण्याने पुसलं. तीन रुंद, एक अरुंद. "हे कोंडाबाईच्या सासऱ्याच्या, सावळेरामच्या हातचं. तिच्या हंड्यावरही असेच दाते आहेत," मी ओरडूनच सांगितलं.

"देव कोपंल," बुवा म्हणाला.

"आधी हंडा बघू," देवस्थानचे संपतराव म्हणाले. पायरी उतरून त्यांनी दोन्ही सांधे शेजारी धरले, बराच वेळ. दुपारच्या गाडीने बुवा गेला.

मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी संपतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, माणसानं केलं हे पटलं. पण कुनाच्या हातचं, हे तुमी लई मोठ्यानं बोललात. आता शुद्ध करावं लागंल." आणि शिंगावर गोमूत्र शिंपडलं. पाटीचा विषय निघालाच नाही.

कोंडाबाई अजून तिथेच होती. तिने शांतपणे विचारलं, "संपतराव, सांधा डोळ्यांनी बघितला तवा मानलात. मग इटाळ कुठं दिसला, त्यो बी दावा की."

संपतराव गोमूत्राचा तांब्या घेऊन गाभाऱ्यात निघून गेले. मीही उपरणं गुंडाळून घरची वाट धरली.

म्हणून आज लिहितो. बुवाचं मेण समईवर वितळलं. आपल्या मनावरचा थर आपणच लावलेला आहे, तो आपणच खरवडायचा आहे. कोंडाबाईचा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, आणि उत्तर सापडलं नाही तर तो विटाळ टाकून द्यावा. ते शिंग सावळेरामने केलं.