पाण्याच्या पाळीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे. माझ्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे, आणि ते फुटून पडलेलं नाही. साताऱ्याच्या तांबटानं ते मुद्दाम पाडलं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात मला अलगद सोडलं की भोकातून पाणी आत चढतं आणि भरले की मी बुडते. मी बुडले की एक घटिका झाली. वेळेवर बुडायचं, एवढंच माझं काम.

पुष्कळ वर्षं मी गावच्या जोश्यांकडे लग्नमुहूर्त साधले. पुढं त्यांचं बिऱ्हाड सांगलीला विश्रामबागेत गेलं. तिथं भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून त्यांनी मला शिराळ्याजवळच्या आमच्या गावातच, मारुतीच्या देवळात ठेवून दिलं.

मग बेचाळीसचं साल आलं. आमच्या भागातली पोरं भूमिगत झाली. तलाठी गावात फिरकेना. पोलीसपाटलानं घराला कुलूप घातलं. ओढ्याच्या बंधाऱ्यावर हरिबा नावाचा पाटकरी होता. कुणाच्या वावरात किती पाणी सोडायचं ते त्याच्या काठीवर ठरे, आणि ज्याच्या घरी कोंबडं शिजे तिकडं ती काठी वळे. तोही पळाला.

लोक मारुतीपुढं घोंगडी अंथरून बसले. नुकताच तुरुंगातून सुटलेला मानसिंग म्हणाला, "पाटकरी गेला ते बरं झालं. दुसरा नेमायचा न्हाई."

"मग पाणी कोण वाटणार? तुजा बा?" केरबानं विचारलं. त्याचं वावर बंधाऱ्याला लागून, सगळ्यांच्या वर.

मानसिंगनं माझ्याकडं बोट केलं. "ही वाटी. ती बुडली की पाळी संपली. पुढची पाळी ज्याची, त्यानं राखण बसायचं. धनी कुणीच न्हाई."

"बरं हाय गड्या," केरबा हसला. "हिला कोंबडं लागत न्हाई."

आणि मित्रांनो, ते चाललं. रात्रभर बंधारा भरायचा, सकाळी पाट सुटायचा. पहिली पाळी केरबाची, शेवटची राहीबाईची. राहीबाई विधवा बाई. पाटाच्या अगदी टोकाला तिचं हळदीचं वावर. हरिबाच्या काळात तिच्या बांधाला ओलसुद्धा लागत नसे. आता रोज दिवस मावळायच्या आत तिच्या सरीत पाणी खळखळू लागलं. ज्याची पाळी संपे तो मला चिंच आणि राख लावून घासायचा, मगच पुन्हा घंगाळात सोडायचा. धाक कुणाचा नव्हता, तरी कुणी पाट फोडला नाही. माणसं धन्यावाचून नांदू शकतात, असं मला खरंच वाटू लागलं होतं.

माघात राहीबाईची हळद निघाली. पहिल्या दळणाची चिमूट आणि तेलात कालवलेलं कुंकू घेऊन ती आली आणि माझ्या अंगाला दोन बोटं टेकवून म्हणाली, "हिच्यात देव हाय. हिनं मला अन्न दिलं." तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी गावच्या सगळ्या बाया आल्या. फुलं आली, निरांजन आलं. केरबानं नेहमीसारखी चिंच हातात घेतली, तर त्याची बायको बनुबाई म्हणाली, "आवं, देवाला राखंनं घासत्यात व्हय?"

केरबानं चिंच खाली ठेवली. त्यानंतर मला कुणी घासलं नाही. पूजेची उपकरणी लोक रोज घासतात. पण मी आता उपकरण राहिले नव्हते.

तेलकट कुंकू बुडाशी बसत गेलं. तांब्यावर हिरवट थर चढला. भोक आवळत चाललं आणि मी सावकाश बुडू लागले. प्रत्येकाची पाळी थोडी थोडी लांबली. वैशाखात तर राहीबाईची पाळी येईतो बंधाऱ्यात चिखल उरायचा. तिनं नव्यानं लावलेल्या हळदीचे कोंब जमिनीतच करपायला लागले.

घोंगडी पुन्हा अंथरली. वाटी देव, ती चुकायची नाही. तेव्हा चोर माणसांतलाच. सगळ्यांनी वरच्या वावराकडं पाहिलं.

"मी थेंब जास्ती घेतला न्हाई, मानसिंग," केरबा म्हणाला. "वाटीची आण."

"वाटीची आण घिऊ नगंस, जीभ झडंल," कुणीतरी म्हणालं.

देवळाच्या खांबाला बांधून त्यांनी केरबाच्या तळपायांवर काठ्या मारल्या. मानसिंगनं मारलं नाही, पण थांबवलंही नाही. तो जमिनीकडं बघत राहिला. मी समोरच कोनाड्यात होते, फुलांखाली. कुणी मला उचलून उन्हाकडं नुसतं धरलं असतं तरी पुरलं असतं. बैलगाडीत घालून बनुबाईनं नवऱ्याला मेढ्याकडं माहेरी नेलं. ती परत आली नाही.

तरी टोकाला पाणी पोचेना. मग दुसरा चोर शोधला, मग तिसरा. ज्या पाटावर माणसं तंबाखू मळत बसायची तिथं जो तो काठी घेऊन उभा राहू लागला.

"लेकरा, तुज्या राज्यात मला पाणी व्हतं," राहीबाई म्हणाली. "ते गेलं कुटं रं?"

"मला कळंना, मावशी," मानसिंग म्हणाला.

शेवटी घोंगडीवरचीच माणसं हरिबाला बोलवायला गेली. "धनी लागतोच," ती म्हणाली. "आपल्याच्यानं न्हाई व्हायचं." हरिबा नवी काठी घेऊन आला. "देवानं देवळात ऱ्हावं," असं म्हणून त्यानं घंगाळ घरी नेलं.

राहीबाई आता दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं भांगलायला जाते. जाताना शेजारणीकडून हळदीची चिमूट मागून आणते आणि माझ्या बुडाला लावते. "आई, माजी पाळी येऊ दे," म्हणते. तिच्या बोटाखाली भोक कधीच बुजून गेलं आहे, हे मी तिला कसं सांगू?

मित्रांनो, राजावाचून गाव चालतं का, असं तुम्हांला कुणी विचारलं, तर एका वाटीनं ते चाललेलं पाहिलं आहे, असं सांगा. आणि जे सगळ्यांचं आहे त्याला हात जोडण्याआधी ते घासत जा. माझ्या बाबतीत मात्र आता उशीर झाला. उद्या कुणी मला पाण्यात सोडलं तर मी बुडणार नाही, नुसती तरंगत राहीन. आणि ते पाहून लोक पुन्हा हात जोडतील.