छत्तीस आणि वर एक

साबणाच्या त्या दुकानात दोन जावा आणि त्यांच्या डोक्यावर सासू. जावांचा छत्तिसाचा आकडा, आणि चेष्टा बघा, गोल वड्यांचा साचाही नेमका छत्तिसाचाच!

थोरली पुढे काउंटरवर, अत्तर लावून, गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलत. धाकटी मागे कढईशी, कॉस्टिक सोड्याच्या वाफेत डोळे चोळत. लग्न होऊन आल्यापासून तिथंच. तिला पुढे यायचं होतं, माणसांची तोंडं बघायची होती, एवढंच.

रोजच्या कुरकुरीला कंटाळून सासूबाईंनी तोडगा काढला. "दर्शनी मेजावर एका साच्याच्या वड्या मांडतो आपण. थोरली चौकोन मांडते. धाकटे, तू तुझा आकार मांड. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही, तर काउंटर आळीपाळीनं. नाहीतर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

थोरलीनं चटचट सहा ओळी लावल्या. "सहा सक छत्तीस! आता दाखव म्हणावं."

"मी त्रिकोण करणार," धाकटी म्हणाली. "खाली आठ, मग सात, मग सहा, अशी टोकाला एक." आधीच सांगायची काय गरज होती? पण तोंड बंद ठेवील ती धाकटी कसली!

थोरलीनं पाठीमागे बोटांवर बेरीज केली. पंधरा, एकवीस, सव्वीस, तीस, तेहतीस, पस्तीस... अगं बाई, छत्तीस! तिच्या तोंडचं पाणी पळालं. "थांब हं, टोपली मी भरून देते," म्हणत तिनं चौकोन मोडला आणि भरता भरता आतल्या फळीवरची एक वडी गुपचूप टोपलीत ढकलली.

धाकटीचा त्रिकोण सरसर चढला. टोकाची वडी बसली, तरी टोपलीत एक शिल्लक! उचलली, तर बोटांना चिकटली. कालच साच्यातून निघालेली, अजून ओली.

"उरली वाटतं?" थोरली लाडात म्हणाली.

धाकटीचे कान तापले. पण ओरडून काय उपयोग? नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणाल्या असत्या दोघी. तिनं त्रिकोण मोडला.

"आई, मन बदललं. फूल मांडते."

सदतीस म्हणजे मोठी आडमुठी संख्या. चौकोनात बसत नाही, त्रिकोणात बसत नाही, सारख्या ओळी करू म्हटलं तर कशानंच भाग जात नाही. पण कढई निवेपर्यंत वड्यांशी खेळण्यावाचून धाकटीला दुसरं होतं काय? या आडमुठीची खोड तिला पाठ होती.

तिनं मधे ओली वडी ठेवली. तिच्याभोवती सहा, एकमेकींना खेटून. त्यांच्याभोवती बारा. बाहेर अठरा. टोपली रिकामी!

"अगं, किती सुरेख!" सासूबाई हरखल्या. "छत्तीसच आहेत ना?"

"जाऊबाईंनी स्वतः भरून दिल्यात. मधली जरा दाबून बघा."

सासूबाईंचं बोट वडीत रुतलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरली छताकडे बघत होती.

"ही वाळायला महिना लागेल," सासूबाई म्हणाल्या. "तोवर थोरले, कढई तू ढवळ. आळीपाळी त्यानंतर."

धाकटीनं ती वडी अलगद उचलली.

"सावलीत ठेवते हं, जाऊबाई. सावलीत जरा उशिरानंच वाळते."